पिंपळगावच्या सहा खोल्या

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून सावळीराम निवृत्त झाला तेव्हा त्याला एकच गोष्ट करायची होती, झोपायचं होतं. जन्म तीन पाळ्यांत गेलेल्या माणसाला रात्रीची झोप म्हणजे चैनच. पण घरात राकेश होता. या पोराने मोबाइलवर कुणा सुटाबुटातल्या गुरूचे व्हिडिओ पाहिले होते.

"पप्पा, माणसं जिकडं चाललीत तिकडं आधीच जागा घेऊन ठेवायची. मागणी आपोआप येते. तुम्ही झोपलेले असलात तरी भाडं चालू."

झोपेचं नाव निघालं आणि सावळीराम गळाला लागला.

माणसं पिंपळगाव बसवंतला चालली होती, एवढं मात्र खरं. द्राक्षं, कांदा, टोमॅटो. हायवेला लागून पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून कुटुंबंच्या कुटुंबं कामाला उतरायची. फंडाच्या पैशातून तिथं पत्र्याच्या सहा खोल्या उभ्या राहिल्या आणि सावळीरामची चौथी पाळी सुरू झाली. कधी मोटर जळायची, कधी मोरी तुंबायची, कधी वाळत घालायच्या दोरीवरून दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. प्रत्येक वेळी सावळीराम नाशिकरोडहून एसटीत उभ्याने पिंपळगावला. गुरूच्या व्हिडिओत मोरीचा विषय कुठं आला नव्हता.

"नोकरीत निदान रजा तरी मिळायची," मालनबाई नवऱ्याला म्हणायची. "आता मालक झालात. रजेचा अर्ज कुणाकडं देणार?"

यंदा जुलैत एका पॅकहाऊसचा मॅनेजर स्वतःहून आला. सहाही खोल्या वर्षाच्या कराराने घेतो म्हणाला. मोटर, मोरी, भांडणं सगळं त्यांच्याकडं, भाडं सरळ खात्यावर. अट एवढीच, महिनाअखेर सगळ्या खोल्या रिकाम्या हव्यात. सावळीरामला मॅनेजरच्या पाया पडावंसं वाटलं.

हंगाम संपल्यामुळे पाच खोल्या रिकाम्याच होत्या. सहावीला कुलूप होतं, आणि ते मंगळू आणि वत्सलाबाईचं होतं. पेठकडचं हे जोडपं तीन वर्षं त्याचं भाडेकरू. पावसाळ्यात भाताच्या आवणीला गावी जायचं, चार महिन्यांचं भाडं द्यायचं नाही आणि भांडी मात्र खोलीत ठेवून जायची. पहिल्या वर्षी सावळीरामने हटकलं, तेव्हा वत्सलाबाई म्हणाली होती, "भांडी ठेवतोय म्हंजी येणारच ना आमी."

"तोडा कुलूप," राकेश म्हणाला.

"भांडी कुणाची?"

"पोत्यात भरा. पप्पा, तुम्ही मालक आहात की वॉचमन?"

सावळीरामलाही तेच कळेना. पण कुलूप तोडायला हात धजेना, म्हणून किल्ली मागायला तो पेठच्या बसमध्ये बसला. पेठच्या पुढं जीप, जीपच्या पुढं चिखल. पाड्यावर पोहोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले होते.

मंगळू आणि वत्सलाबाई खाचरात वाकून रोपं लावत होती. त्याला बघून वत्सलाबाई तशीच चिखलाच्या हातांनी बांधावर आली.

"अगं बया, मालक! मोटर जळली का काय?"

"नाही. मोटर बरी आहे."

"मग कोन मेलं?"

"कुणी नाही, वत्सलाबाई. किल्ली पायजे होती. खोल्या कंपनीला द्यायच्यात."

तिने मंगळूकडं पाहिलं. मंगळूने खाली. सावळीरामने चालून चालून जमवलेली सगळी वाक्यं तयार ठेवली होती, पण ती खर्चच झाली नाहीत. तिने त्याला घरी नेलं, आतून किल्ली आणली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"तुमचीच खोली हाय. भांडी मंगळू घिऊन यील."

"मग तुम्ही राहणार कुठं?"

"मुकादम म्हनला, यंदा पॅकहाऊसच ठेवनार. हायवेच्या आत सा खोल्या घेतल्यात म्हने. एका खोलीत धा जन, बाया वायल्या, बाप्ये वायले. त्याचे पैशे मजुरीतून कापनार."

"सहा खोल्या?"

"सा. सामायिक मोरी, वर काळी टाकी. तुमच्यासारख्याच की."

सावळीराम ओटीवर टेकला. त्या भागात सहा खोल्यांची आणि काळ्या टाकीची दुसरी चाळ नव्हती.

वीज केंद्रात कायम होण्याआधी तो ठेकेदाराच्या शेडमध्ये राहायचा. दहा जणांत पाच अंथरुणं. एक पाळीवर गेला की त्याच्या उबेत दुसरा आडवा. दुसऱ्याच्या घामाच्या वासात लागलेली झोप त्याला अजून आठवत होती. आणि आता तीच शेड तो स्वतः भाड्याने देणार होता, पत्र्यासकट.

तो काही एकदम मोठ्या मनाचा झाला नाही. करार त्याला अजूनही हवा होता. वत्सलाबाईने दिलेला चहा पिऊन होईपर्यंत तो स्वतःला समजावत राहिला: मी नाही दिल्या तर दुसरा देईल, मी काय जगाचा ठेका घेतलाय? सगळं खरं होतं. चहा संपला तरी खरंच होतं. तरी उठताना त्याने किल्ली वत्सलाबाईपुढं धरली.

"ठेवा तुमच्याकडंच."

"आन कंपनी?"

"कंपनी बघून घेईल."

"भाडं वाढवनार का मग?"

"नाही हो."

तिचा विश्वास बसला नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. किल्ली मात्र तिने झटकन कनवटीला खोवली.

पेठच्या स्टँडवर रेंज आली आणि लगोलग राकेशचा फोन.

"मिळाली किल्ली?"

"मिळाली होती. परत दिली."

"पप्पा! सहाच्या सहा पाहिजेत त्याला. पाच घेणार नाही तो."

"माहीत आहे."

"मग आता तिथली उस्तवार कोण करणार?"

"करतोय तोच," सावळीराम म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

सोडायला मंगळू आला होता. बस लागल्यावर त्याने मालकाची पिशवी वर दिली आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "मालक, आमच्या खोलीच्या दाराची खालची बिजागरी सुटलीय. आमी यायच्या आत तेवढी बसवून घ्या."

"बसवतो," सावळीराम म्हणाला.