बोगद्यासाठी आवाज

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी सख्ख्या नात्यातलं लग्न असलं तरी घरात एक माणूस मागं राहतोच. आमच्याकडं कामाची वाटणी ठरलेली. हे गच्चीवर टाकीपाशी, मी खाली मोटारीच्या बटणापाशी. वरून हे ओरडणार, "चालू कर!" "थांब, हवा धरलीय!" "भरलं, बंद!" आणि मी खालून, "ऐकू आलं, बहिरी नाय मी!" आमचं पाणी आलेलं साऱ्या कॉलनीला कळतं. आमचा संसार या ओरडण्यावर टिकलाय असं मी पाहुण्यांना सांगायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

मग मला काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेचं पुसत चाललंय. चिरायला घेतलेला कांदा दिसतो, शेजारचं ताट दिसत नाही, आणि मी ते खाली पाडते. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, उरलेली जपायची. स्कूटी त्याच दिवशी बंद झाली. मी लई भांडले. डॉक्टरांशी नव्हे, ह्यांच्याशी. ह्यांच्याशी भांडायला फी लागत नाही.

आमची एकुलती लेक स्पेनला नोकरी करते. तिनं एका रविवारी फोनवर तिकडची वाट दाखवली. समुद्राच्या कडेनं पूर्वी रेल्वे धावायची, ती बंद पडली, रूळ उचलले, आणि आता त्या वाटेवर फक्त सायकली नि चालणारी माणसं. मोटार नाही, ट्रक नाही. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून वाट अगदी सपाट. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला निळं पाणी. मी बोलून गेले, "हितं मला सायकल जमंल की!"

झालं. रिटायर माणूस, हाताला काम नाही. त्यांनी ते वाक्य उचललं आणि जेवणाच्या टेबलावर जेवायची सोय राहिली नाही. कुठून कुठवर जायचं, मुक्काम कुठं, पंक्चरचं सामान कुणाच्या पिशवीत, शेंगाची चटणी न कडक भाकरी किती दिवस पुरतील. "प्रत्येक मुक्कामाला पाण्याचं काय?" असं त्यांनी लेकीला इतक्या वेळा विचारलं की ती वैतागली. "पप्पा, इथं नळाला कायम पाणी असतं." ह्यांनी मान डोलावली आणि सामानात दोन बाटल्या वाढवल्या.

अडलं ते बोगद्यांपाशी. वाट रेल्वेची, म्हणजे बोगदे आलेच, आणि अंधारात माझी नजर जवळजवळ संपतेच. मी म्हणाले, सोडा, नको. हे म्हणाले, "बोगद्यात मी मागं राहीन न ओरडीन. गच्चीवरनं ओरडतो तसं. तू डोळे विसर, आवाजावर चल." मला भीती वाटत होती आणि जायचंही होतं. पुढच्या वर्षापर्यंत माझ्या डोळ्यांत केवढा समुद्र मावेल, कुणी सांगावं?

सरावाला जागा सापडली ती बार्शीकडं. तिथल्या बंद पडलेल्या जुन्या छोट्या रेल्वेचा भराव अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. ह्यांना वाटलं, रेल्वेची वाट ती रेल्वेची वाट, स्पेन काय न बार्शी काय! सायकली टेम्पोत घालून आम्ही जायचो. मी पुढं, हे मागं. "डावीकडं शेरडं!" "उजवीकडं खड्डा!" "हळू, पुढं म्हातारं माणूस!" शेरडं राखणारी बाई पदर तोंडाला लावून हसायची. एका सकाळी माझं डोकंच फिरलं. मी थांबून म्हणाले, "री, आता तोंड उघडायचं नाही. मी अजून आंधळी झाले नाय." आमच्यात नवऱ्याला 'री' म्हणतात. मी रागात म्हटलं की ते शिवीसारखं लागतं.

हे गप्प झाले. मी निघाले. वारा छान होता. पुढं जाता जाता मीच बोलत राहिले, लेकीच्या घरी काय न्यायचं, कुणाला चावी द्यायची. उत्तर येईना. "रुसलात होय?" म्हणाले. एका लिंबाखाली उतरले आणि सगळं अंग वळवून मागं पाहिलं. मला तसंच पाहावं लागतं. वाट रिकामी होती.

सायकल तिथंच टाकून मी उलटी पळाले, "री! अहो, री!" करत. हे भरावाच्या खाली बाभळीत पडले होते, खांदा धरून, तोंड पांढरंफटक.

"हाक का मारली नाय हो?"

"तूच म्हणालीस की, तोंड उघडायचं नाय."

यव्वा! अशा वेळी चेष्टा! मी रडले, वर त्यांच्यावर ओरडलेही. पण खरी धडकी वेगळीच होती. माझा माणूस माझ्यामागं हातभर अंतरावरून नाहीसा होऊ शकतो आणि मला पत्ता लागणार नाही. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मी म्हणाले, जाणं रद्द. हे म्हणाले, "हाड सांधतं. डोळा सांधतो काय? माझं तिकीट रद्द कर, तुझं नाही. लेक येईल तुझ्या मागं."

"तिचा आवाज मांजरासारखा," मी म्हणाले.

काल पाणी आलं. ह्यांचा हात गळ्यात, म्हणून गच्चीवर मी गेले, कठडा धरून. हे खाली मोटारीपाशी. खालून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. फोनवर लेक होती.

"ओरड. म्हण, आई, डावीकडं!"

पलीकडून बारीकसं काहीतरी आलं.

"असं नाही. बोगद्यात आवाज घुमतो, एकेक शब्द तोडून म्हण. आणि ध्यानात ठेव, ती चिडंल. म्हणंल, ओरडू नको. तरी ओरडायचं. तिनं शिव्या दिल्या तरी गप्प बसायचं नाही. मी बसलो होतो, तसं करू नको."

टाकी वाहायला लागली. सोलापुरात टाकी वाहू देणं म्हणजे पापच. पाणी माझ्या पायांवरून गेलं. खालून हाक आली, "अगं, भरलं का? सांग की!" मी दोन्ही हातांनी कठडा धरला. पुन्हा हाक आली. मग जिन्यावर पावलं वाजली. एका हातानं भिंत धरत हे वर यायला लागले होते.

तेव्हा मी जीव खाऊन ओरडले, "वर येऊ नका! भरलं! बंद करा!"

पावलं थांबली. ती एकेक पायरी खाली उतरल्याचं ऐकू येईपर्यंत मी कठडा सोडला नाही.