रुमालाखालची अनामत

अनामत! हा शब्द कानावर पडला तरी अजून माझं टाळकं सरकतं. औरंगाबादेत कारखाने वाढले, त्यांचं पाणी आमच्या नाल्यात उतरायला लागलं आन् कोकरं तडफडून मरायला लागली. म्हणून गावातर्फे आम्ही हायकोर्टात जनहित याचिका केली. सही करता येणारी सून मीच, म्हणून पहिलं नाव माझं. कारखान्याचा वकील म्हणाला, यांना कुणीतरी फूस लावलीय. झालं! कोर्टानं सांगितलं, तुमचा हेतू खरा असेल तर आधी अनामत भरा; मुदतीत भरली नाही तर याचिका फेटाळली असं समजा. म्हणजे मेली कोकरं आमची, आन् भरोसाही आम्हीच द्यायचा! नाला सगळ्या गावाचा, पण अनामतीचं नाव काढताच ज्याला त्याला शेतातली कामं आठवली.

माझ्या सासूनं मात्र गुपचूप शहरातल्या मेंढरांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. जगला वाचला तेवढा सगळा कळप तिनं विकायला काढला. मी लई भांडले, पण ऐकेल तर शपथ. दोघांनी रुमालाखाली हात घातले. बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आमच्यात भाव असाच ठरतो. तोंडानं आकडा निघत नाही, कागदही होत नाही. रुमाल बाजूला झाला की सौदा पक्का. बाजाराच्या दिवशी मेंढरं शहरात पोचवायची आन् रोकडा घ्यायचा. अनामतीची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

आन् नेमकं त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद! एसटी नाही, जीप नाही.

"आपल्याला कवा एसटी लागली गं?" सासू म्हणाली, आन् आम्ही दोघी मेंढरं हाकत निघालो. नाक्यावर पोलिसानं काठी आडवी धरली.

"बंद आहे, कळत नाही का?"

"सायेब, मला कळतंय. मेंढरांना तुमीच सांगा," सासू म्हणाली. तो हसला आन् बाजूला झाला.

बाजारात चिटपाखरू नव्हतं. व्यापाऱ्याच्या घरी त्याच्या बायकोनं खिडकीतूनच सांगितलं, "घर पे नहीं हैं." आम्ही कोर्टापाशी थांबतो, असा निरोप ठेवून पुढं निघालो. दुसरं करणार तरी काय?

फाटकात आमचे वकील उभे. नामांतराच्या मोर्चात घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा पार बसलेला. फी त्यांनी घेतलीच नव्हती. मेंढरं बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो वहिनी, रोख लागते, रोख! आता पैसे भरायची खिडकी बंद होईल."

सासूनं मेंढरं लिंबाखाली बसवली. "येईल त्यो."

"आजी, कागद नाही, पावती नाही. असल्या दिवशी कशाला येतोय तो?"

"बोटं दिलीत त्यानं," सासू म्हणाली आन् तंबाखू मळत बसली. मला तिचा असा संताप आला!

खिडकीतला कारकून आवराआवर करायला लागला, तेवढ्यात गल्लीतून सायकल आली. आलाच की हो! सदरा घामानं चिंब, कोपर खरचटलेलं.

"माफ करना अम्मा, हर नुक्कड पे रोक रहे थे." त्यानं बंडीतून पुडकं काढून सासूच्या ओटीत टाकलं. मेंढरं पुरती आहेत का, हेही बघितलं नाही.

मी पुडकं उचललं आन् पळाले! चप्पल तुटली, तशीच अनवाणी पळाले. पावती दाखवली तेव्हा वकील त्या बसलेल्या घशानं असे ओरडले, की पट्टेवाला धावत आला.

परतीच्या वाटेवर माझं तोंड थांबत नव्हतं. वाचली याचिका, वाचली! सासू काठी घेऊन पुढं चालत होती. नाला आला तशी ती थांबली, मागं वळली आन् मेंढरांनी त्या पाण्याला तोंड लावू नये म्हणून दोन्ही हात पसरून "हुर्र, हुर्र" करायला लागली. मागं फक्त मी होते.