रिक्षात रिकामी होणारी बाटली

आमच्या घरात लघवीचं इन्फेक्शन दोघींना वारंवार व्हायचं: माझ्या आईला आणि तिसरीतल्या मुलीला. आईचं वयामुळे, असं डॉक्टर म्हणाल्या. तिला औषध लागू पडलं. मुलीचं मात्र थांबेना. ताप, जळजळ, तपासणी, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स, थोडे दिवस आराम, की पुन्हा ताप.

चौथ्या खेपेला कॅम्प तीन वस्तीतल्या आमच्या सिंधी डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "देखो भाऊ, सोनोग्राफी नॉर्मल आहे. पोट पण साफ होतं. आता पाणी बघा, आणि ही लघवी धरून ठेवते का ते बघा. परत झालं तर रोज रात्री एक गोळी, सहा महिने."

गोळीचं नाव काढलं तरी मुलीला उमासे येतात. त्यामुळे ती सहा महिन्यांची गोळी टाळायची, एवढंच आमच्या घराचं ध्येय झालं.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. माल किती आला, किती गेला, यावर माझा विश्वास. सकाळी पाऊण लिटरची बाटली काठोकाठ भरून द्यायची, संध्याकाळी तपासायची. रोज रिकामी! "पाण्याचा प्रश्न मिटला," मी जाहीर केलं.

"मग अजून अधूनमधून का जळजळतंय तिला?" बायकोने विचारलं.

त्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी तिला आणायला शिरगावच्या नाक्यावर उभा होतो. शाळेची रिक्षा आली. आत आमची कन्या मान मागे टाकून घटाघटा पाणी पीत होती आणि बाकीची पोरं ओरडत होती, "एका दमात! एका दमात!"

"हे काय चाललंय?"

"पप्पा, बाटली संपवायची असते ना? संपवली."

"शाळेत का नाही पीत?"

"शाळेत प्यायलं की शाळेतच लागते. तिथल्या दाराला कडी नाहीये."

पाणी बरोबर मोजलं होतं मी, वेळ विचारलीच नव्हती. घरी येऊन तावातावाने शाळेला अर्ज लिहायला बसलो.

"कर अर्ज खुशाल," आई म्हणाली. "तोवर पोरीनं काय धरून बसायचं? आम्ही गावाला शेतात जायचो, तिथं होती का कडी? एक बसायची, दुसरी पाठ करून उभी राहायची."

"म्हणजे बॉडीगार्ड, आज्जी?"

"तेच. फक्त खिदळणारी नको निवडू."

तिने नेमकी खिदळणारीच निवडली. पण पहारा चोख होता. प्रत्येक सुट्टीत जोडी जायची आणि पाणीही तिथल्या तिथे प्यायलं जायचं. बघता बघता वर्गातल्या इतर मुलीही जोड्या लावू लागल्या. शाळेने पुढे कडी बसवली, तरी जोड्या मोडल्या नाहीत.

अर्धं वर्ष इन्फेक्शनशिवाय गेल्यावर डॉक्टरबाईंना दाखवायला गेलो. त्यांनी ताजा रिपोर्ट दोनदा वाचला. "गोळी कॅन्सल. पण हीच सवय ठेवायची हां, बेटा."

बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. पूर्वी अशा ठिकाणी ही पाय आवळून, ओठ मिटून बसायची. आता सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "पप्पा, मला लागलीय!"

दोन-तीन जण हसले. मी अभिमानाने बाथरूम कुठे आहे ते विचारायला निघालो.