माणिकप्पाचं माळवद

शिल्पा आणि माणिकप्पा यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मध्ये टोपलंभर पांढरी माती होती आणि ती वरून खाली येत होती. माणिकप्पाच्या म्हणण्यानुसार टोपलं हातातून जरासं निसटलं. त्याच्या बायकोच्या, शिवकांताच्या म्हणण्यानुसार आभाळ फाटलं, अर्धं शिरूर अनंतपाळ त्या पोरीवर पालथं झालं आणि आमराईतली माकडं तीन दिवस झाडावरून उतरली नाहीत. धुरळा बसला तेव्हा कोठीच्या दारात लातूरहून आलेली आर्किटेक्ट उभी होती. डोक्यापासून बुटापर्यंत पांढरीफटक, पण मोजायची टेप हातात घट्ट. माणिकप्पाला ती तिथंच आवडली. तिची भीतीही तिथंच वाटली.

ही कोठी जहागीरदारांनी निजामाच्या काळात हवा खायला बांधलेली. आता मालकीण वर्षाराणीबाई पुण्यात, आणि हवा खायला माणिकप्पा. बारवेतला गाळ काढणं, आंबे राखणं, वटवाघळांना शिव्या देणं ही त्याची किरकोळ कामं. खरं काम माळवदाचं. लाकडी तुळयांवरचं हे मातीचं छत दर उन्हाळ्यात नवी माती मागतं. नाही दिली तर पावसाळ्यात घरात छत्री धरून जेवावं लागतं. बाकीचे लोक एखादं वर्ष विसरत. माणिकप्पा बत्तीस वर्षांत एकदाही विसरला नाही. लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हा टोपलं घेऊन वर. शिवकांता म्हणायची, या माणसानं मला चार लुगडी नेसवली अन् छताला बत्तीस.

मालकीणबाईंनी शिल्पाला कोठी नीट करायला पाठवलं होतं. ही आता माळवद काढून स्लॅब ओतणार, अन् आपण बिनकामाचे, अशी धास्ती घेऊन माणिकप्पा दोन दिवस तिच्या मागं मागं फिरला. तिनं तुळईखाली दोरी ताणली, मोजलं, वर चढली, छताच्या मातीत खड्डा खणला, पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी त्याला बारवेच्या पायरीवर बसवलं.

“अप्पा, स्लॅब नाही करायची. पण माती उतरवावी लागेल.”

“छत गळायलंय का?”

“नाही. दबलंय. तुळई चार बोटं वाकलीय.”

माणिकप्पानं मान हलवली. “भूकंपात इकडं कितीक घरं बसली. या कोठीचा खडा हालला न्हाई. कशानं? या मातीनंच तर धरली.”

“तेव्हा तुमच्या हातचे थर किती होते?”

त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच बोटावर हात थांबला.

“दोन,” तो म्हणाला.

जुनी खरवडून मग नवी टाकायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. घातलेलं कुणी काढून घेतं का? त्या रात्री तो भाकरीचा कुटका मोडून नुसता बसून राहिला. शिवकांतानं न मागता गुळाचा खडा पुढं सरकवला, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

सकाळी मजूर यायच्या आत तो कुदळ घेऊन वर होता. माझी माती हाय, मीच उतरवीन, एवढंच म्हणाला. पंधरा दिवस खणत होता आणि खणता खणता हळूहळू खुलत गेला. हा करडा थर दुष्काळातला, तळ्याच्या पोटातून आणलेला. हा बारीक, लेकीच्या लग्नाचा, घाईत चोपलेला. शिल्पानं खाली टेकू लावले आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. ओझं उतरलं, तुळई दोन बोटं वर आली आणि एकोणीस वर्षं अडकलेला दिवाणखान्याचा दरवाजा एका बोटानं उघडला. माणिकप्पा दुपारभर तो उघडत होता, लावत होता. शिवकांतानं चहा दिला तो त्यानं उंबऱ्यात उभं राहूनच घेतला. मग त्यानं उरलेल्या मातीवर दोन बोटांचा एकच थर दिला आणि इतका चोपला, की त्यावर पापड लाटावा.

पुढच्या वर्षी त्याचे गुडघे गेले. आता जुनी खरवडून नवी माती टाकायला वर गुत्तेदाराचा, ठेक्यावरचा माणूस चढतो. छत गळत नाही.