कोंबड्याच्या पिसाची माशी

मी एका ट्राउट माशाला फसवलं. हिमाचलातल्या थंड नदीवर, लख्ख उजेडात, बायकोच्या देखत.

गळाच्या आकड्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्याने गुंडाळून ती आमिषाची नकली माशी मी स्वतः बनवली होती. पाण्यावर उडणाऱ्या खऱ्या माश्यांचा रंग बघून पीस निवडलं होतं. माझी माशी पाण्यावर अलगद टेकली. मासा वर आला आणि त्याने विश्वासाने तोंड उघडलं.

"फसला!" मी ओरडलो.

"अहो, केवढा तो आनंद!" बायको म्हणाली. "दुकानात नायलॉन रेशीम म्हणून तुमच्या गळ्यात मारलं, तेव्हा तो व्यापारीही असाच हसला असेल."

त्या व्यापाऱ्याची मी भर बाजारात कॉलर धरली होती. अजून त्याचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. या माशीला मात्र मी अस्सल रेशमाचा दोरा वापरला होता. खोट्या कामाला इतका खरा माल!

मला निदान बाजारात ओरडता आलं. या माशाच्या तोंडात माझा गळ होता.

हात ओले करून मी गळ सोडवला आणि मासा सावरेपर्यंत त्याला प्रवाहात धरलं. फाटका ओठ घेऊन तो निघून गेला. मला बायकोकडे बघवेना.

माल परत घेतला म्हणजे मिटलं, असं तो व्यापारी म्हणाला होता. मी ते ऐकून घेतलं नव्हतं. मग मासा सोडून दिला म्हणून मी कसा सुटतो? कोणीतरी यावं आणि भर बाजारात माझीही कॉलर धरावी.