बेकरीच्या रांगेतला गेरोल्ड

जुलै-ऑगस्टचे दोन महिने गेरोल्ड पाप्केच्या अंगावर तीनच वस्तू असायच्या: मनगटी घड्याळ, निळी टोपी आणि रबरी चपला. घड्याळ मासळीवाल्याची गाडी चुकू नये म्हणून, टोपी टकलासाठी आणि चपला पाइनच्या सुया बोचतात म्हणून. बाकीचा गेरोल्ड देवानं घडवला आणि बटाट्याच्या सॅलडनं वाढवला तसा सगळ्यांसमोर असे. पोटावर अपेंडिक्सचा व्रण होता आणि डाव्या मांडीवर गोदीतल्या अपघाताचा. रोस्टोकच्या गोदीत तो क्रेनवर वायरमन होता. हिवाळ्यात त्याला मी कधीच भेटलो नाही. त्याचा कोट कसा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

समुद्रकाठच्या आमच्या बिनकपड्यांच्या कॅम्पवर पहिल्यांदा आलेलं माणूस ओळखणं सोपं असतं. ते तंबू लावण्यात फार वेळ घालवतं. खुंट्या दोनदा ठोकतं, दोऱ्या तीनतीनदा ताणतं, कारण तंबू लागला की कपडे काढायची वेळ येते. गेरोल्ड हे लांबून पाही आणि योग्य वेळी हातोडी घेऊन तिथे जाई. हे काम त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं.

मी १९७९ साली आलो तेव्हा तिशीत होतो. वाणिज्य शाळेतून निघून सहकारी भांडाराच्या कचेरीत लागलो होतो आणि रोज टाय लावत होतो. माझी बायको कारीन लहानपणापासून अशा किनाऱ्यांवर वाढलेली. तिनं दोन मिनिटांत कपडे काढले आणि ती समुद्रावर गेली. मी पँट-शर्टात तंबूत बसून राहिलो. बाहेरून आवाज आला.

"आत कुणी जिवंत आहे का?"

"आहे."

"मग बाहेर ये. उकडून अंडं होईल तुझं."

"जरा आवरतोय."

"तासभर काय आवरतोयस? तुझी बायको पोहून आली, माझ्या बायकोबरोबर, ट्राउटंबरोबर, कॉफीही प्यायली. मघाशी विचारत होती, नवरा घरीच विसरले का मी म्हणून." मग त्यानं तंबूच्या दारात बैठक मारली, माझ्याकडे पाठ करून. "ऐक. पहिली दहा मिनिटं वाईट जातात. सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटतं. अकराव्या मिनिटाला कळतं की कुणीच बघत नाहीये, आणि त्याचं थोडं वाईटही वाटतं. टॉवेल कायम जवळ ठेवायचा. खुर्ची कुणाचीही असो, आधी टॉवेल, मग आपण. बोलताना तोंडाकडे बघायचं. काही तळायचं असेल तर एप्रन बांधायचा. हे मी अनुभवानं सांगतोय, कसला ते विचारू नकोस. थंडी वाजली तर खुशाल स्वेटर घाल, इथे कुणी शूरवीर नाही. आणि जिथे जन्मात ऊन लागलं नाही तिथे मलम जास्त चोपड, नाहीतर उद्या उभ्यानं जेवशील."

"आणि समजा..." मला पुढे बोलवेना.

"समजलं. पालथा पड, नाहीतर समुद्रात शिर. पाणी सोळा अंशांवर आहे. सगळं आवरतं."

मी बाहेर आलो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाला, "ती खुंटी धर, वाकडी जातेय." मी धरली. खुंटी सरळ होईपर्यंत दहा मिनिटं होऊन गेली होती.

पुढे बत्तीस उन्हाळे आमचे तंबू शेजारीशेजारी लागले. कॅम्पवर सगळे अरे-तुरेतच बोलतात, शल्यविशारदही आणि गटारसफाईवालाही. कोण काय करतो, हे कधीकधी सातव्या-आठव्या वर्षी कळतं. मला शिस्त लागते आणि गेरोल्डला गप्पा, तरी आमचं जमलं. संध्याकाळी आम्ही त्याच्या तंबूपुढच्या छपरीखाली भाजलेली हेरिंग मासळी खायचो, अंगात स्वेटर आणि खाली काही नाही अशा थाटात, आणि त्यात काही विनोदी आहे असं कुणाला वाटत नसे.

नव्वद साली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पश्चिमेकडून लोक आले, गावात हॉटेलं झाली. हॉटेलवाल्यांना आमचा किनारा कपड्यांतला करून हवा होता. गावातले लोक, ज्यांचे आईबाप आमच्यातच पोहत असत, आता म्हणू लागले की कॅम्पवाल्यांनी कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलंय. आम्ही त्यांना कापडवाले म्हणायचो. किनाऱ्यावर मध्ये एक दोरी आली आणि दर वर्षी ती आमच्या बाजूला वीस पावलं सरकत गेली.

आणि मी? भांडार बुडाल्यावर मी एका बांधकाम-सामानाच्या कंपनीत लागलो. नवे मालक हॅनोव्हरचे. त्यांना मी सुट्टीत कुठे जातो हे कधी सांगितलं नाही. "समुद्रावर," एवढंच म्हणायचो.

२०१० पासून गेरोल्ड विसरू लागला. आधी नावं गेली, मग मासळीवाल्याचा वार. एकदा दुसऱ्याच्याच तंबूत जाऊन झोपला. ट्राउटंनं हसून निभावलं. कॅम्पमध्ये त्याचं कुणाला ओझं नव्हतं. वाट चुकला तर जो दिसेल तो हाताला धरून आणून सोडायचा.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैतली ती सकाळ. बेकरी कॅम्पच्या फाटकापासून चारएकशे पावलांवर, गावाच्या हद्दीत आहे. फाटकाशी खुंट्यांची रांग आहे. तिथे प्रत्येकाची पँट-शर्ट टांगलेली असते. बाहेर जाताना चढवायची, आत येताना उतरवायची. पाय आपोआप तिथे थांबतात. मी चढवून गेलो. वारा होता म्हणून हातावर जाकीटही घेतलं. रांगेत माझ्यापुढे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाई वळल्या. आमच्या मालकांच्या पत्नी, झाइडेलबाई.

"अहो लेमकेसाहेब, तुम्ही इथे? आम्ही त्या नव्या हॉटेलात उतरलोय. तुम्ही?"

"गावातच," मी म्हणालो. "एक खोली घेतलीय."

"बरं केलंत. पलीकडे ते नागड्यांचं आहे म्हणे. आमचे हे म्हणतात, बघून येऊ. मी म्हटलं, घरी आरसा आहे तेवढा पुरे."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

गेरोल्ड आत आला. टोपी, घड्याळ, चपला, हातात जाळीची पिशवी. दार हळूच लावून घेतलं आणि नेहमीसारखा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. माझ्या मागे एक आजी दोन नातींना घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे तो. धाकटी नात खुदकन हसली. आजींनी तिचे डोळे झाकले. गेरोल्डनं मुलीकडे बघून टोपी उचलली. मग सगळे कुठे बघताहेत हे पाहिलं आणि स्वतःही खाली पाहिलं.

त्याचा चेहरा मी बत्तीस वर्षं पाहत होतो. हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यानं पिशवी पुढे धरली. ती जाळीची होती. मग ती खाली सोडून त्यानं दोन्ही हात पुढे धरले. मग त्याची नजर रांगेवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"बाई गं," झाइडेलबाई कुजबुजल्या. "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," मी म्हणालो.

आणि काचेमागच्या प्लमच्या केककडे बघत राहिलो. जाकीट माझ्या हातावर होतं. चार पावलं टाकून ते त्याच्या कमरेला बांधायला किती वेळ लागला असता? गल्ल्यावरच्या क्रोनबाई ओरडल्या, "लाज नाही वाटत? मुलं आहेत इथे! मुद्दाम पाठवलंय तुला त्या लोकांनी!" त्यांनी एक एप्रन त्याच्या अंगावर भिरकावला आणि कॅम्पला फोन लावला. गेरोल्ड एप्रन पोटाशी धरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. माझी पाळी आली. मी खसखशीचे आठ पाव घेतले. त्याच्या इतक्या जवळून बाहेर पडलो की त्याचा श्वास ऐकू आला.

दुपारी व्यवस्थापक रामोनानं सगळ्यांना पाइनखाली बोलावलं. आम्ही आपापल्या टॉवेलांवर गोल करून बसलो. ट्राउटं आणि गेरोल्ड आले नव्हते.

"क्रोनबाईंनी ग्रामपंचायतीकडे तक्रार दिलीय," रामोना म्हणाली. "म्हणतात, किनाऱ्याच्या भांडणावरून आपण त्याला मुद्दाम पाठवलं, तो पोरींसमोर नको ते करत होता. मला माहीतेय हे खोटं आहे. पण मी तिथे नव्हते. कॅम्पमधलं कुणी होतं का तिथे? तो विसरून गेला, गप्प रांगेत उभा राहिला, एवढं लिहून देणारा एक माणूस मिळाला तरी पुरे. नाहीतर शनिवारी गेरोल्डला जागा सोडावी लागेल. कायमची."

"अरे, सकाळी पाव आणायला कोण गेलं होतं?" कुणीतरी विचारलं.

कारीननं माझ्याकडे पाहिलं. पाव तिनंच खाल्ले होते. मी लिहून दिलं असतं तर खाली नाव, पत्ता आणि नोकरीचं ठिकाण घालावं लागलं असतं, आणि गाव लहान. मी वाळूत बोटानं रेघ ओढत राहिलो. त्या गोलात सगळ्यांचं सगळं उघडं होतं, आणि मला मात्र वाटत होतं की आता कुणीतरी माझं झाकण उचलणार.

तंबूत आल्यावर कारीन म्हणाली, "तू होतास ना, डेटलेफ?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मग मला तोंड दाखवू नकोस. ट्राउटंकडे जा आधी."

ट्राउटं छपरीखाली बटाटे सोलत होती. आत गेरोल्ड झोपला होता. मी टॉवेल टाकून बसलो आणि म्हणालो, "ट्राउटं, मी होतो बेकरीत."

"माहीतेय," ती म्हणाली. सुरी थांबली नाही. "त्यानं सांगितलं. काय खाल्लं ते आठवत नाही त्याला, पण हे आठवलं. म्हणाला, डेटलेफ होता रांगेत, एका बाईबरोबर. पण मी हाक नाही मारली म्हणाला. बाहेर कापडात कुणी भेटलं तर ओळख त्यानं द्यायची, आपण द्यायची नाही. त्याला अवघड होतं."

कॅम्पची ती जुनी रीत आहे. बाहेर नोकरीचा, नात्यागोत्याचा प्रश्न असतो, म्हणून पहिला नमस्कार समोरच्यावर सोडायचा. अंगावर धागा नसताना, पोरी हसत असताना, गेरोल्डनं माझी अब्रू सांभाळली होती.

"ट्राउटं, मी..."

"रडू नकोस इथे. तो उठेल. रामोनाकडे जा."

मी गेलो. दोन पानं लिहिली. तो कसा आत आला, कुठे उभा राहिला, कुणाला काही म्हणाला नाही. मी ओळख नाकारली हेही लिहिलं. ते कशाला, असं रामोना म्हणाली, पण मी खोडलं नाही. खाली पूर्ण नाव आणि कंपनीचं नाव घातलं. शिवाय रोज सकाळी त्याचे पाव मी आणीन आणि तो फाटकाकडे गेला तर बरोबर असेन, असंही लिहून दिलं. पंचायतीनं प्रकरण मिटवलं. गेरोल्डची जागा राहिली. सप्टेंबरात कचेरीत मालकांनी मला एका कोपऱ्यात घेतलं. मी तयारीत होतो. ते म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात आम्हालाही एखादी शांत जागा सुचवा." मी ज्याला भ्यालो होतो ते एवढंच होतं.

पण बेकरीच्या दुसऱ्याच दिवशी गेरोल्ड छपरीतून बाहेर आला तो तपकिरी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. आम्हाला वाटलं, जाईल हे खूळ एक-दोन दिवसांत. गेलं नाही. जेवणाखाण्याचं, वारांचं, नातवंडांच्या नावांचं सगळं तो विसरत चालला आहे, कपडे घालायचं मात्र विसरत नाही. किनाऱ्यावर खुर्ची टाकून तसाच बसतो. नवे लोक तंबूच्या दोऱ्या ताणता ताणता त्याच्याकडे बघतात आणि मला विचारतात, इथे कपडे चालतात का? मग चालत असतील तर बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. त्यांना टॉवेलचं, मलमाचं, एप्रनचं आता मी सांगतो. माझ्या सांगण्यानं कुणी हसत नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. मग मे महिन्यापासूनच इथे येईन, ट्राउटंला तेवढाच हात होईल. काल खूप तापलं होतं. गेरोल्डच्या कानामागून घाम ओघळत होता.

"काढ ना रे शर्ट," मी म्हणालो. "उकडून मरशील."

"नको. लोक बघतात."

"कोण बघतंय? किनारा रिकामा आहे. मी एकटाच तर आहे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मला ओळखलं का, ते कळलं नाही. मग शर्टाचं वरचं बटण लागलेलं आहे ना, हे त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं आणि तो पुन्हा समुद्राकडे बघू लागला.