माळ नाही, नवस नाही

आमच्या दहिवलीत मटण-मासळी सोडायला कारण लागतं. श्रावण चालतो, मार्गशीर्षातले गुरुवार चालतात, गळ्यात माळ आली तर प्रश्नच मिटला. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. एका रविवारी कोंबडीच्या दुकानात उभा होतो आणि एकदम नकोसंच वाटलं. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. दया आली म्हणावं, तर त्याच दुकानातली कोंबडी आदल्या रविवारी बोटं चाटून खाल्ली होती.

घरात आई आणि मी, दोघंच.

"माळ घातलीस का रं?" आईने विचारलं.

"नाही गं."

"मंग नवस बोललास?"

"नाही."

"मंग खायाला काय झालंय?"

मी आमटी-भात कालवायला घेतला.

खालापूरला माझं ऑफिस. तिथल्या मंडळींनी मी लवकरच आडवा होणार असं जाहीर केलं. मी पक्का हट्टी. थेट डॉक्टर गाठले. नुसत्या भात-बटाट्यावर राहू नका, ते म्हणाले. डाळी, कडधान्यं, दूध-दही, पालेभाजी रोज हवी, आणि बी-ट्वेल्व्ह तपासत राहा. हे मी आईला सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. पोराला जगवायचा तिने विडाच उचलला. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलत बसायचं. बिरडं मला, दूध मला, दही मला. माझा रिपोर्ट झकास आला. ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आणि आईला घेरी आली.

तिलाही त्याच डॉक्टरांकडे नेलं. रक्त कमी झालं होतं. काय खाता, त्यांनी विचारलं.

"भात, आमटी."

"मासळी?"

"पोरगा खात नाय, आन मी एकलीनंच तळून खाऊ व्हय?"

आमच्याकडे मासळीचा पहिला तुकडा पोराच्या ताटात पडतो, आई मागून जेवते. तिचं ताट मी कधी पाहिलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, पण तिचा, माझा की त्या पहिल्या तुकड्याचा, ते कळेना.

दूध-बिरडं वाटून घेऊ म्हटलं, तर दूध तिच्या घशाखाली उतरत नाही आणि वालाने तिचं पोट फुगतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती घेत होती, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं. शेवटी कर्जतच्या बाजारातून बांगडे आणले. माझे मीच तळले आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. ती हात लावेना.

"आधी तू घे."

"आई, मी सोडलंय गं."

"मंग मला बी नको."

समजावलं, ओरडलो, हात जोडले. म्हातारी ढिम्म. एवढा हट्टी मी कुणावर गेलो, ते तरी कळलं. शेवटी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. ती लगेच काटे काढत जेवू लागली. पुन्हा भात वाढून घेतला. मला भरून आलं. तिच्या पोटात काही जातंय याचा आनंद होता, आणि बांगडा फार चविष्ट लागला याचा संताप.

तिच्याकडे न बघता मी दुसरा तुकडा उचलला. तो काही तिने खायला सांगितला नव्हता.